ईशान्येचा कोपरा कोणाचा?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आम्ही ठाण्यातील एका नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर दोन बेडरूमचे घर घेतले. राहायला आल्यापासून घरात कुरबुरी वाढल्या आहेत. पतींचा पॅकेजिंगचा छोटा कारखाना आहे, त्यांची येणी अडकली आहेत. मुलगा बारावीला आहे, पण त्याचे अभ्यासात लक्ष नाही. सासूबाई गेले काही महिने माझ्याशी फारशा बोलत नाहीत. पतींनी एका फेंगशुई सल्लागारांना बोलावले. ईशान्येचा कोपरा ज्ञानाचा असतो म्हणून त्यांनी तिथले देवघर पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशेजारी हलवायला लावले आणि त्या जागी मुलाचे टेबल ठेवले. आग्नेयेला धनाचा कोपरा म्हणून कारंजे बसवले. लाफिंग बुद्ध, तीन पायांचा बेडूक, लकी बांबू, विंड चाइम अशा वस्तूंसह एकूण ३८ हजार रुपये झाले. आता ते म्हणतात की माझा (जन्म १९८३) आणि पतींचा (जन्म १९७९) कुआ अंक विरोधी गटांत आहे, म्हणून आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपावे. शिवाय शेगडी आणि सिंक शेजारी आहेत, ती दूर करण्यासाठी स्वयंपाकघराची भिंत पाडून मांडणी बदलावी. याचा खर्च साडेचार लाख सांगितला आहे आणि पती कर्ज काढण्याच्या विचारात आहेत. माझा फेंगशुईवर अविश्वास नाही. घर शांत व्हावे एवढीच इच्छा आहे. काय करावे? सासूबाईंना तो लाफिंग बुद्ध देवांसमोर नको आहे, त्याचे काय करू?

उत्तर : भिंत पाडू नये, कर्ज काढू नये आणि आपण पती-पत्नींनी वेगळ्या खोल्यांत झोपू नये, हे आरंभीच स्पष्ट लिहिते. कारणे सविस्तर देते, कारण घरातल्या माणसांशी बोलताना ती आपल्याला लागतील. फेंगशुईवर आपला अविश्वास नाही असे आपण म्हणता, म्हणून मीही शक्य तिथे त्या विद्येच्या आतूनच उत्तर देते. आपल्याला मिळालेल्या सल्ल्यातला बराचसा भाग त्या विद्येच्या स्वतःच्या कसोटीलाही उतरत नाही, असे माझे मत आहे.

फेंगशुई चीनमधली, आणि तिची मुळे घरांपेक्षाही कबरींसाठी जागा निवडण्याच्या प्रथेत आहेत. पूर्वजांना चांगल्या जागी विसावा मिळाला तर वंशजांचे भले होते, या श्रद्धेतून डोंगर, वारा आणि पाणी यांचे बारकाईने निरीक्षण करण्याची एक रीत तयार झाली आणि तीच घराला, गावाला, नगराला लावली गेली. पाठीशी डोंगर, दोन्ही बाजूंना लहान टेकड्या, समोर मोकळे अंगण आणि त्यापलीकडे संथ वळणाने जाणारे पाणी ही तिची आदर्श जागा. उत्तर चीनच्या हवामानात यात रोकडे शहाणपण आहे. तिथे हिवाळ्यात सायबेरियाकडून बोचरे, कोरडे वारे येतात, ते उत्तरेच्या डोंगराने अडतात, आणि डिसेंबरच्या अखेरीस बीजिंगमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर असल्यामुळे दक्षिणेला तोंड असलेल्या दालनात ऊन खोलवर पोहोचते. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागातील जुन्या गावांच्या मागे आजही ‘फेंगशुईची राने’ उभी आहेत. गावाचे भाग्य त्यांच्यात आहे या भावनेने गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती तोडू दिली नाहीत, आणि त्या झाडांनी उतारावरची माती धरून ठेवली, वारा अडवला, उन्हाळ्यात सावली दिली. ही फेंगशुई मला मनापासून आदरणीय वाटते, कारण तिच्यात माणूस आधी जागेकडे पाहतो आणि मग तिथे कसे राहायचे ते ठरवतो.

ठाण्यात मात्र डिसेंबरमधील तोच दुपारचा सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो, उत्तरेच्या वाऱ्याचे भय नसते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर खिडक्यांवर आदळतो. कोणती भिंत एप्रिल-मेमध्ये संध्याकाळपर्यंत तापून राहते, रात्री वारा कोणत्या खिडकीतून येतो, कोण किती वाजता उठते, कोणाला कुठे बसायला आवडते, हे प्रश्न सल्लागारांनी विचारल्याचा उल्लेख आपल्या पत्रात कुठेही नाही. ते विचारले गेले नसतील, तर झालेले काम नकाशावर झाले आहे, आपल्या घरात झालेले नाही.

आता कोपऱ्यांचे पाहू. होकायंत्र वापरणाऱ्या प्रचलित पद्धतीत ईशान्य ज्ञानाची, आग्नेय धनाची आणि नैर्ऋत्य दांपत्याची मानतात. लिन युन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजवलेल्या ‘ब्लॅक हॅट’ पंथात होकायंत्राला महत्त्वच नाही. तिथे दारातून आत पाहिल्यावर सर्वांत दूरचा डावा कोपरा धनाचा, मग तो कोणत्याही दिशेला येवो. ‘उडत्या ताऱ्यां’च्या तिसऱ्या पद्धतीत दर २० वर्षांनी काळ बदलतो. तिच्या गणनेप्रमाणे २००४ मध्ये सुरू झालेला आठवा काळ २०२४ च्या फेब्रुवारीत संपला आणि २०४४ पर्यंतचा नववा काळ सुरू झाला. तिथे शुभ स्थान इमारतीच्या बांधणीच्या काळावर आणि चालू वर्षावर अवलंबून असते. म्हणजे तीन प्रामाणिक जाणकार आपल्या एकाच घरात धनाचा कोपरा तीन ठिकाणी दाखवू शकतात, आणि तिघेही आपापल्या पद्धतीशी इमान राखून असतील.

त्यात आपल्याकडे फेंगशुई आली ती वास्तुशास्त्राच्या शेजारी. ज्या ईशान्येला फेंगशुई ज्ञानाची जागा म्हणते तीच ईशान्य वास्तुशास्त्रात देवघराची, आणि जिथे फेंगशुईत काष्ठतत्त्वाला पोसण्यासाठी पाणी ठेवतात ती आग्नेय आपल्याकडे अग्नीची. आपल्या सासूबाईंनी आयुष्यभर जे मानले त्यानुसार या एका भेटीत दोन गोष्टी घडल्या: देव ईशान्येतून उठून बाथरूमच्या दाराशेजारी गेले आणि अग्नीच्या कोपऱ्यात कारंजे सुरू झाले. त्या बोलत नाहीत याचे कारण शोधायला मला तरी बागुआचा, म्हणजे फेंगशुईच्या आठ दिशांचा, नकाशा उघडावासा वाटत नाही. घरात सर्वांत आधी उठून ज्या जागी त्या बसत असतील, जिथे त्यांचा दिवस सुरू होत असेल, ती जागा त्यांना न विचारता दुसऱ्याला दिली गेली. आपण हे मुद्दाम केले नाही, मुलाच्या परीक्षेच्या काळजीपोटी केले, हे मला समजते. पण नव्या घरात आलेल्या वयस्कर माणसाचे शेजारी, भाजीवाला, देवळाची वाट असे बरेच काही आधीच सुटलेले असते, आणि देवघर ही बहुधा त्या जुन्या घरातून जशीच्या तशी आलेली एकमेव गोष्ट असते.

म्हणून पहिले काम हे, की देवघर ईशान्येला परत न्यावे. ते आपण एकटीने किंवा पतींनी गुपचूप हलवू नये. सासूबाईंजवळ बसून, ‘तुम्हाला न विचारता हलवले, ते चुकले,’ असे सरळ शब्दांत सांगावे, आणि कोणत्या दिवशी, कशा रीतीने देव परत बसवायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यांनी शांतीचा विधी किंवा नैवेद्य करायला सांगितले तर ते करावे. या एका कामाने सगळे मिटेल असे मी म्हणणार नाही, कारण अबोला साचायला जेवढे दिवस लागतात त्याहून अधिक दिवस तो सुटायला लागतात. पण ही पायरी वगळून घरात काहीही केले तरी त्याचा उपयोग होणार नाही.

कुआ अंकाचा विषय नाजूक आहे, आणि त्याचा हिशेब आपल्याला माहीत असणे आवश्यक आहे, कारण हिशेब कळला की त्याची भीती उरत नाही. विसाव्या शतकात जन्मलेल्यांसाठी सालाचे शेवटचे दोन आकडे मिळवून एक अंकी बेरीज करतात. पुरुषासाठी ती दहातून वजा करतात, स्त्रीसाठी तीत पाच मिळवतात. (चिनी सौर वर्ष ४ फेब्रुवारीच्या आसपास बदलते, त्यामुळे जानेवारीतला जन्म असेल तर आदले साल धरतात.) आपले १९८३, म्हणजे आठ आणि तीन अकरा, त्याचे दोन, अधिक पाच म्हणजे ७. पतींचे १९७९, म्हणजे सात आणि नऊ सोळा, त्याचे सात, दहातून गेले की ३. आता १, ३, ४ आणि ९ हे पूर्व गटाचे, २, ६, ७ आणि ८ पश्चिम गटाचे, आणि ५ आला तर पुरुषाला २ व स्त्रीला ८ देतात, म्हणजे तोही पश्चिम गटातच जातो. नऊ शक्यतांपैकी चार एकीकडे आणि पाच दुसरीकडे असल्यावर शंभर जोडप्यांपैकी सुमारे ४९ जोडपी निव्वळ गणिताने विरोधी गटांत पडणार. आपल्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर अशी घरे असतील, आणि त्यांतली पुष्कळ सुखाने नांदत असतील. १९८३ च्या त्या चिनी वर्षात जन्मलेल्या प्रत्येक स्त्रीला हाच अंक येतो. त्यावरून आपल्या संसाराविषयी कोणी काही सांगू लागले, तर तो संसार त्याने पाहिलेला नाही एवढेच त्यातून कळते.

शिवाय व्यवहार पाहा. दोन बेडरूमच्या घरात आपण वेगळे झोपायचे म्हणजे पतींनी हॉलमध्ये झोपायचे, किंवा सासूबाई आणि मुलगा यांच्या खोलीत आणखी एकाची सोय करायची. आधीच येणी थकल्याने चिंतेत असलेला माणूस रात्री एकटा हॉलमध्ये पडून छताकडे पाहत राहील, आणि दिवसभरात जे दहा मिनिटे आपण दोघे बोलू शकला असता तेही जाईल. फेंगशुईच्या जुन्या, जागेचा आकार पाहणाऱ्या पद्धतीत पलंगाविषयीचे नियम अगदी साधे आहेत आणि तेच पाळावेत, असे मी सुचवेन. डोक्याशी भक्कम भिंत असावी, दार पडल्या पडल्या दिसावे पण पलंग दाराच्या थेट रेषेत नसावा, डोक्यावर तुळई येऊ नये, समोर आरसा नसावा, आणि दोन्ही बाजूंनी उतरायला जागा असावी. यातला शेवटचा नियम मला सर्वांत शहाणा वाटतो. भिंतीला चिकटवलेल्या पलंगावर एकाला दुसऱ्याला ओलांडून उतरावे लागते, तर मोकळ्या पलंगावर दोघांचीही जागा आणि दिवा स्वतंत्र राहतो. आपली बेडरूम पश्चिमेची असेल तर मात्र त्या भिंतीला डोके करू नये, निदान उन्हाळ्यात तरी. ती भिंत दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहते, आणि झोप पुरी झाली नाही की सकाळचा पहिला शब्दच चढा निघतो.

स्वयंपाकघराविषयी. पाणी आणि अग्नी शेजारी असू नयेत हा नियम फेंगशुईत आहे हे खरे, पण त्यावरचा उपायही त्याच विद्येत आहे आणि तो फार स्वस्त आहे. पाच तत्त्वांच्या चक्रात पाण्याने काष्ठ वाढते आणि काष्ठाने अग्नी पोसला जातो, म्हणून दोघांच्या मध्ये लाकूड ठेवले की विरोध मिटतो असे मानतात. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये भाज्या चिरण्याचा लाकडी पाट उभा करून ठेवला तरी तो नियम पाळला जातो. उकळत्या तेलात सिंकचे शिंतोडे उडू नयेत हा त्यातला व्यावहारिक फायदा.

भिंतीचे काम याहून गंभीर आहे. ठाण्यातील नव्या टॉवरांपैकी अनेक मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेले आहेत. त्यांत वरवर साध्या वाटणाऱ्या भिंतीही सळईच्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार उचलतात. अशी भिंत पाडणे वरच्या-खालच्या सगळ्या घरांना धोक्याचे आहे, आणि त्याला ना संस्था परवानगी देईल ना महापालिका. भिंत विटांची असली तरी सिंक हलवले की ओल्या जागेची रेषा बदलते, नव्या जागेच्या खाली शेजाऱ्यांची बेडरूम असू शकते, आणि एकदा त्यांच्या छतातून गळती सुरू झाली की घरातल्या तंट्याला मजल्याचा तंटा येऊन मिळतो. पाइप गॅस असेल तर ती जोडणीही गॅस कंपनीच्याच माणसांकडून हलवून घ्यावी लागते. सल्लागारांनी भिंत पाडण्याचा आग्रह धरला, तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आणा एवढेच त्यांना सांगावे.

मुलाच्या टेबलाचा प्रश्न उरतो. देवघर परत गेल्यावर त्याला जागा हवीच, आणि ती त्याच्याशी बोलून ठरवावी. पाठीशी भिंत आणि समोर तिरके दार हा फेंगशुईचा बसण्याचा नियम अभ्यासालाही लागू आहे, कारण पाठीमागून कोण येते-जाते याकडे निम्मे लक्ष गुंतलेल्या मुलाकडून एकाग्रता मागणे योग्य नाही. तो उजव्या हाताने लिहीत असेल तर खिडकी डाव्या हाताला यावी, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. आजीबरोबरच्या खोलीत त्याचे टेबल राहणार असेल तर रात्री किती वाजता दिवा विझवायचा हे आजी-नातवाने आपसांत ठरवावे; आपण मध्ये पडू नये. विंड चाइम मात्र त्याच्या खिडकीजवळून काढून टाकावी. सतराव्या मजल्यावरच्या वाऱ्यात ती क्षणभरही शांत राहत नसेल.

लकी बांबू ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण दर आठवड्याला त्याचे पाणी पूर्ण ओतून, भांडे घासून नवे भरा. ते झाड मुळात बांबू नाही, मध्य आफ्रिकेतील ड्रासेनाचा एक प्रकार आहे, आणि त्याच्या साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते, म्हणून पावसाळ्यात घरात अशी भांडी उघडी ठेवू नयेत. कारंज्याचेही तेच: चालू असताना पाणी फिरते, पण वीजबिलाच्या किंवा आवाजाच्या कारणाने ते आठवडाभर बंद राहिले की डबके होते. माझे मत विचाराल तर कारंजे काढावे. त्याने सासूबाईंच्या मनातला अग्नीचा कोपराही मोकळा होईल.

पतींविषयी एक गोष्ट आवर्जून लिहायची आहे. त्यांनी सल्लागारांना बोलावले, कारण येणी अडकली आहेत आणि त्यावर काही तरी केल्याचे समाधान त्यांना हवे आहे. त्यांच्या हातून तो सल्ला नुसता काढून घेतला तर त्यांना एकटे पडल्यासारखे वाटेल. म्हणून त्याऐवजी काय करायचे तेही सोबत ठेवा. त्यांच्या कारखान्याची उद्यम नोंदणी असेल आणि माल त्या नोंदणीनंतर दिलेला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदाराने करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, उशिरावर व्याज लागते, आणि सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. नोंदणी नसेल तर ती आताच करून घ्यावी, पुढच्या मालासाठी तिचा उपयोग होईल. साडेचार लाखांच्या कर्जाच्या हप्त्याचा विचार करण्याआधी आपण दोघांनी एका रविवारी बसून कोणाकडे किती आणि किती दिवसांचे येणे आहे याची यादी करावी. घरात कागदपत्रांना एक निश्चित कपाट किंवा खण ठेवावा, कारण चेकबुक, बिले आणि पावत्या कधी सोफ्याखाली आणि कधी फ्रिजवर सापडत असतील, तर पैशाची बोलणी नेहमी भांडणापासूनच सुरू होतात. चिनी घरांत शेगडी हे समृद्धीचे स्थान मानतात आणि ती स्वच्छ असावी, तिचे सगळे बर्नर चालू असावेत असे सांगतात. एखादा बर्नर नादुरुस्त असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा. पती फेंगशुईवर विश्वास ठेवत असतील तर हे काम त्यांनीच करावे, त्यांना बरे वाटेल.

शेवटी लाफिंग बुद्धाविषयी. ही मूर्ती गौतम बुद्धांची नव्हे. दहाव्या शतकाच्या सुमारास चीनच्या झेजियांग भागात होऊन गेलेल्या बुदाई नावाच्या, पाठीवर कापडी झोळी घेऊन फिरणाऱ्या भिक्षूची ती आहे, आणि तिथे त्यांना मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानतात. चीनमधील बौद्ध मठांत त्यांची मूर्ती सर्वांत पहिल्या दालनात, प्रवेशाकडे तोंड करून, येणाऱ्याचे स्वागत करीत बसलेली असते. म्हणजे मुख्य देवस्थानाच्या समोर ती असावी असा तिच्या परंपरेचाही आग्रह नाही, आणि सासूबाईंच्या मनातली अडचण त्या मूर्तीचा अनादर न करता दूर करता येते. मुख्य दाराजवळ, जमिनीपासून उंच, चपलांच्या कपाटावर नव्हे तर एका स्वतंत्र लहान फळीवर ती ठेवावी, अशी की देवघरातून ती दिसणार नाही. सासूबाईंना तेही नको असेल तर ती पतींच्या कारखान्यातील टेबलावर जाऊ द्यावी, आणि तीन पायांचा बेडूकही तिच्याबरोबर पाठवावा.